चिंचदरे स्टेशनचं लाल बासन

१

कागद कुठलाही असो, आपण डोळे मिटून नुसता अंगठा फिरवला की तो कुठला, किती सालचा आणि कुणी जपला कुणी नासवला ते सांगतो, असं खंडेरावांनी चिंचदरे स्टेशनच्या फलाटावर जमलेल्या मंडळींना सांगितलं. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्यांनी एकतीस वर्षं कागद तपासला होता. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण त्यांचा अंगठा काही रिटायर व्हायला तयार नव्हता. लग्नपत्रिका आली तरी मुलगा कोण, मुलगी कोण हे वाचायच्या आधी ते ती कानाशी नेऊन फडफडवून बघत.

समोर टेबलावर लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं. जुनी पोथी बांधतात तसं ते बासन. त्यात चिंचदरे स्टेशनची मूळ डायरी होती, इंग्रज स्टेशनमास्तरने रोजच्या रोज लिहिलेली. उद्या अकरा वाजता मंत्री येऊन या पडक्या स्टेशनाचं 'वारसा स्मारक' म्हणून उद्‌घाटन करणार होते, आणि डायरी अस्सल असल्याचा दाखला द्यायला खंडेरावांना खास बोलावलं होतं.

"बासन सोडू नका हां साहेब," स्मारक समितीचे अध्यक्ष वाल्मीकभाऊ म्हणाले. "पूजेचं हाय. वरनंच हात फिरवा आन् सही ठोका."

खंडेरावांनी डोळे मिटले. कापडावरून अंगठा फिरवला. फलाटावरचे रंगारीसुद्धा ब्रश थांबवून बघायला लागले.

"विलायती," खंडेराव म्हणाले. "चिंध्यांपासून केलेला कागद. अठराशे पासष्ट ते सत्तर. नंतरचा असला तर अंगठा कापून देईन."

आणि त्यांनी दाखल्यावर झोकात सही केली.

मग शुभांगी मॅडम पुढे आल्या. नाशिकच्या एका कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या आणि स्टेशनच्या इतिहासाची पुस्तिका त्यांनीच लिहिली होती. एक फोटो तरी काढू द्या, असं म्हणत भाऊंनी हात आडवा घालायच्या आत त्यांनी गाठ सोडली.

आत नाशिक जिल्ह्याची टेलिफोन डिरेक्टरी होती. सन १९९६.

मागून एक रंगारी म्हणाला, की साहेबांना आता अंगठा कापायला विळा आणून द्यायचा का.

वाल्मीकभाऊंनी तोंडातली पिचकारी दोन बोटांमधून नेमकी खांबाच्या बुंध्यावर सोडली आणि निकाल देऊन टाकला. डायरीच्या कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला असते? सावळीरामच्या. मग चोर कोण? उद्या अकराच्या आत डायरी आली नाही तर म्हातारा पोलिसांत. दिवाखोली मात्र आत्ताच रिकामी करायची. आजच्या आजच तिला समितीचं कुलूप.

सावळीराम हा स्टेशनचा शेवटचा सांधेवाला, गाडीसाठी रूळ बदलणारा. इंग्रज साहेबाने इंजिनाला पाणी पाजायला म्हणून हे काळ्या दगडाचं, टोकदार कमानींचं स्टेशन निफाडच्या पुढे बांधलं. पुढे रूळ सरळ केले, गाडी अर्धा कोस लांबून जायला लागली आणि स्टेशन उसात एकटं उभं राहिलं. सावळीरामला जा असं सांगायचं सगळे विसरले. एकोणतीस वर्षं तो बायकोसकट तिथेच राहत होता, पूर्वी सिग्नलचे कंदील ठेवायचे त्या दहा बाय आठच्या खोलीत. त्याला दुसरं घर नव्हतं. कमरेची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली आणि हात धोतराला पुसले.

खंडेराव खाली बघत होते. आपली सही टेलिफोन डिरेक्टरीच्या अस्सलपणाच्या दाखल्यावर अजून ओली आहे, हे त्यांना दिसत होतं.

"खोली आज राहू द्या," ते म्हणाले. "उद्या अकरापर्यंत मी शोधून देतो."

२

इतकी घाण खंडेरावांनी एका छताखाली कधी बघितली नव्हती. गाडी बंद झाल्यावर या स्टेशनात कांदे साठवले होते, मग गुरांचा कोंडवाडा झाला, मग मतदान, मग लग्नं, आणि जो जो गेला तो आपला वास मागे ठेवून गेला होता. पहिल्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये पारव्यांच्या विष्ठेचा वीतभर थर होता. त्यावर उद्यासाठी लाल गालिचा अंथरला होता. तिकीट खिडकीचा दगड माणसांनी चुन्याची बोटं पुसून पुसून पांढरा केला होता. आणि या सगळ्यांवर मात करणारा एक आंबट, कुजका, कडवट वास दिवाखोलीच्या बाजूने येत होता.

दारात प्लास्टिकचं निळं पिंप होतं. त्यात राखाडी रंगाचं काहीतरी फसफसत होतं. सावळीरामची बायको बयाबाई कोपरापर्यंत हात घालून ते कालवत होती.

"मेथ्या हायेत," खंडेरावांनी नाकाला रुमाल लावलेला बघून ती म्हणाली. "कागुद भिजवायचा, मेथ्या वाटून घालायच्या, उखळात कुटायचा, पालथ्या घागरीवर थापायचा. वाळला की टोपली. मेथीनं किडा लागत नाय."

गावातल्या बायका तिला वर्षाची रद्दी आणून द्यायच्या. अर्ध्या टोपल्या त्यांच्या, अर्ध्या हिच्या. फलाटावर उन्हात सात-आठ घागरी पालथ्या घातल्या होत्या, अंगावर ओल्या लगद्याचे कोट घालून. बयाबाईची शेळी दावं ताणून त्यातल्या एकीची कड चाटत होती. बयाबाईने जागेवरूनच तिला एक खडा मारला. मेथीचा वास आला की या सटवीला धरवत नाय, म्हणाली. परवा एक आख्खी टोपली खाल्लीन.

नवरा चोर ठरला होता तरी पाहुण्याला तसंच कसं पाठवायचं, म्हणून तिने भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या. झाकणाच्या एका नव्याकोऱ्या टोपलीत. खंडेरावांनी सवयीने टोपलीवर अंगठा फिरवला. सकाळचा अपमान अजून भरून यायचा होता.

"शाळेच्या वह्या," ते म्हणाले. "पंच्याण्णवनंतरच्या. हलका माल."

"असंल बाबा," बयाबाई म्हणाली. "टोपलीबी ऱ्हाऊ द्या तुमालाच."

सावळीराम दारात उकिडवा बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गठुडं लहान झालं का मोठं हे त्याला दिसणारच नव्हतं. तो रोज कुलूपबंद कपाटापुढे उदबत्ती लावायचा, बस. डायरीला समिती झाली होती, पूजा होती, पुस्तिका होती, फक्त वाचायला कुणी जात नव्हतं. खंडेरावांनी विचारलं, किल्ली कुणी मागितली होती का?

"तिघांनी," सावळीराम म्हणाला. "गेल्याच्या गेल्या आठवड्यात. सोमवारी मॅडम आल्या, तारीख बघायचीय म्हणून. मंगळवारी कुंदन शेठ, कपाट आतून रंगवायला. बुधवारी भाऊ, बासनाबर फोटू काढायला. त्याच्यावर कपाट उघडलंच नाय साहेब. आज उघडलं ते उघडलं."

"हे सकाळी का नाही बोललात?"

"कुणी इचारलं?"

३

शुभांगी मॅडम वेटिंग रूममध्ये गालिच्याच्या त्यातल्या त्यात कोरड्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. हातात पुस्तिकेचा गठ्ठा. चोवीस पानं, त्यात वाल्मीकभाऊंचे अकरा फोटो, स्टेशनाचे दोन. त्यातल्या एकात स्टेशनापुढे भाऊ. पान तीनवर लिहिलं होतं, की भाऊंचे खापरपणजोबा गेणू पाटील यांनी स्टेशनासाठी जमीन दान दिली आणि पहिल्या गाडीला हिरवं निशाण दाखवलं.

"हे डायरीत आहे?" खंडेरावांनी विचारलं.

मॅडमनी पर्समधून वही काढली. डायरीतून उतरवून घेतलेला मजकूर होता. मार्च १८७१. गेणू पाटील नावाच्या इसमाने शेळीला घोंगडीत गुंडाळून, आजारी पोर आहे असं सांगून डब्यात चढवलं. शेळी ओरडली. ब्रेकच्या डब्यात नेऊन बांधली तर तिथे तिने गार्डचं हिरवं निशाण खाल्लं. निशाण नाही म्हणून गाडी चाळीस मिनिटं उभी राहिली. गेणू पाटलाला तीन दिवस फलाट झाडायची शिक्षा.

"निशाणाशी संबंध आला होता, एवढं खरं," मॅडम म्हणाल्या.

"मग पुस्तिकेत दुसरंच कसं?"

"समितीच्या विषयात बसत नव्हतं ते." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "सोमवारीच मी भाऊंना फोन करून सांगितलं होतं. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही शुद्धलेखन बघा."

खंडेरावांना पिंपाच्या वासापेक्षा हा वास जास्त लागला. ते बाहेर आले.

बाहेर कंत्राटदार कुंदन काळ्या दगडाच्या कमानीला गुलाबी ऑइलपेंट फासून घेत होता. एकशे तीस वर्षांचा घडीव दगड, आणि त्यावर बर्फीचा रंग. का, तर काळा दगड बघून मंत्र्यांना उदास वाटलं असतं. रंगवायला म्हणून काढलेल्या पितळी कड्या आणि कंदिलांचे हूक परत सापडत नव्हते. त्याबद्दल विचारल्यावर कुंदन म्हणाला, जुन्या वस्तूंचं असंच असतं साहेब, टिकत नाहीत.

म्हणजे हा डायरीही विकू शकतो. मॅडम ती लपवू शकतात, म्हणजे पुस्तिका खोटी पडत नाही. आणि भाऊ तर काय. तिघांना कारण होतं, तिघांच्या हातात किल्ली गेली होती. डायरी तिघांपैकी कुणाच्या दिवशी गेली, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. खंडेराव विचार करत बाकावर टेकले.

उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या लेंग्याची बैठक बाकाला चिकटून वर आली.

"बसू नका, ओला आहे," कुंदन शांतपणे म्हणाला.

"कधी लावलाय?"

"दोन आठवडे झाले. रॉकेल जरा जास्त पडलं. वाळेल हो, उन्हाळा येतोय."

खंडेरावांनी मान वळवून आधी स्वतःकडे आणि मग बाकाकडे बघितलं. बाकाच्या गुलाबी रंगात त्यांच्या बसण्याचा अख्खा नकाशा उमटला होता. कापडाचा धागान् धागा, लेंग्याची मधली शिवणसुद्धा. त्यांना स्वतःचीच किळस आली.

मग ते कपाटाकडे धावतच सुटले.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी सगळ्यांना कपाटापुढे उभं केलं. वाल्मीकभाऊ कडक इस्त्रीत होते. सावळीरामच्या बायकोने खोलीतली दोन भांडी आणि गोधड्या बांधूनच ठेवल्या होत्या.

खंडेरावांनी कपाटाची फळी दाखवली. तोच बर्फीचा रंग, तसाच चिकट. त्यात लाल कापडाची वीण उमटली होती, लांब दीड हात, रुंद हातभर. आणि त्या ठशाच्या आत दुसरा ठसा, त्याच कापडाचा, पण निम्माही नाही. लहान ठशावर डिरेक्टरी बसवली. बरोबर बसली.

"मॅडम सोमवारी आल्या. फळी रंगवली मंगळवारी," खंडेराव म्हणाले. "मोठा ठसा ओल्या रंगात आहे, म्हणजे रंगवून झाल्यावरही डायरी इथेच होती. कुंदनने काम संपवून ती परत ठेवली आणि किल्ली दिली. त्यानंतर कपाट एकदाच उघडलं. बुधवारी."

सगळ्यांनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी कुंदनकडे बघितलं.

"कुंदन मंगळवारी परत येऊन—"

"ही बघा." खंडेरावांनी डिरेक्टरी उघडली, दोन बोटांत धरून, अंगापासून लांब. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्याला तांबडा अंगठा होता. गुटख्याची थुंकी लावून लावून पानं उलटलेली. दोन वर्षांचे अंगठे, एकावर एक. "चिंचदऱ्यात फोन दोन. एक ग्रामपंचायतीत. तिथली डिरेक्टरी काल संध्याकाळी मी बघून आलो, खिळ्याला टांगलेली आहे. तुमची कुठे आहे, भाऊ?"

भाऊंनी उत्तरादाखल एक पिचकारी टाकायची तयारी केली, पण जागा गुलाबी रंगवलेली बघून ती गिळली. शुभांगी मॅडमनी तोंड फिरवलं.

"नेली," भाऊ शेवटी म्हणाले. "फंक्शन झाल्यावर आणून ठेवणार होतो. उद्या कुणी मंत्र्यापुढं वाचून दाखवलं असतं तर? इलेक्शनला शेळी छापली असती लोकांनी माझ्या नावावर. पण आईशप्पथ, घरी माळ्यावर ठेवली होती, आन् आता तिथं न्हाई. चार दिवस झाले शोधतोय. माझ्याकडनंच चोरीला गेली."

"आणि बोट म्हाताऱ्याकडे?"

"कुणाकडं तरी दाखवावं लागतं."

तेवढ्यात भाऊंची सून रूपाली मंत्र्यांच्या हारतुऱ्यांचं ताट घेऊन आली. माळ्यावरची जुनी वही? त्यात विचारायचं काय, ती म्हणाली. मामंजींनी रद्दीच्या गठ्ठ्यातच तर खुपसली होती. गेल्या आठवड्यात सगळी रद्दी बयाआत्याला दिली. टोपल्या नकोत का कुरडया ठेवायला?

खंडेराव हळूहळू बयाबाईकडे वळले.

"ते जाड बुक व्हय?" बयाबाई म्हणाली. "लय चिवट कागुद, बाई. तीन दिस भिजला तरी इरघळंना. कुटून कुटून माझे खांदे गेले. पन टोपली झाली लोखंडावानी. तुमास्नी शेंगा दिल्या नव्हं कालच्याला, ती."

खंडेरावांनी पिशवीतून टोपली काढली. आत अजून दोन टरफलं होती. त्यांनी झाकण काढून उजेडात धरली. बुडाशी लगद्यात बोटभर तुकडा न विरघळता राहिला होता, आणि त्यावर तपकिरी शाईत, वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलेलं होतं: गेणू पाटील, राहणार चिंच—

पुढचं मेथीत गेलं होतं.

रंगारी काही बोलला नाही. खंडेरावांना वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं.

५

सौदा दहा मिनिटांत झाला. मॅडमच्या वहीतली शेळी आणि टोपलीच्या बुडातला गेणू एकत्र केले की मंत्र्यांपुढे पाच मिनिटांचं भाषण होतं, हे खंडेरावांनी भाऊंना समजावून सांगितलं. त्यापेक्षा समितीच्या कागदावर एक पत्र लिहा. सावळीराम आणि बयाबाई यांना दिवाखोलीत हयातभर राहू द्यावं, कुणी हलवू नये. खाली अध्यक्षांची सही, बाजूला मंत्र्यांची.

"आन् नंतर मी फिरलो तर?" भाऊंनी प्रामाणिकपणे विचारलं.

"टोपली आहे तोवर नाही फिरणार."

भाऊंनी सही केली, अंगठ्याला थुंकी लावून कागद उलटला आणि मागेही एक केली.

मंत्री एक वाजता आले. स्टेजवर लाल बासन होतं. आत काय ठेवायचं यावर बराच खल होऊन शेवटी टोपलीच बांधली होती. एका अर्थी डायरी तीच होती. मंत्र्यांनी बासनाला हार घातला, वाकून वास घेतला आणि माइकवर म्हणाले, की इतिहासाला एक स्वतःचा दरवळ असतो. मग पत्रावर न वाचता सही केली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. भाऊंच्या खापरपणजोबांनी निशाण दाखवल्याचा उल्लेख तीनदा झाला. उठताना मंत्र्यांच्या जाकिटाची पाठ खुर्चीला चिकटली. ती तीन जणांनी मिळून सोडवली आणि कुंदनने वाळेल म्हणून सांगितलं.

दोन वाजेपर्यंत फलाटावर पत्रावळ्या, पिचकाऱ्या आणि केळीची सालं एवढंच उरलं. सावळीरामने पत्र डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, नाकाला लागेल इतकं. दिसलं काहीच नाही. तरी पण दोन्ही सह्यांवर बोट ठेवून, ही कुणाची, ही कुणाची, असं त्याने खंडेरावांना दोनदा विचारलं. मग बयाबाईने गोधड्यांचं गाठोडं सोडून परत खोलीत अंथरलं आणि चुलीवर आधण ठेवलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा या खोलीचा काही कागद झाला होता. तो नीट ठेवायला हवा होता. तिने बासन सोडलं, पत्राची चौघडी टोपलीत घातली, झाकण लावलं. पुरावा आणि पत्र एका जागी राहिलेलं बरं, असं खंडेरावही म्हणाले. टोपली बाकावर ठेवून तिघं चहा प्यायला आत गेले.

चहा पिताना खंडेरावांनी सांगितलं, की पत्राचा कागद त्यांनी बघितलाय, चांगला आहे. पन्नास वर्षं काही होत नाही त्याला.

अडीचच्या सुमाराला शेळीचं दावं सुटलं. तिने झाकण आधी खाल्लं, मग टोपली. पत्र टोपलीतच होतं.